इंग्रजी शब्द पाठ होतात पण टिकत नाहीत, वापरता येत नाहीत? या क्रमाने तपासा

परदेशात शिकायला जायच्या जीआरई, आयईएलटीएससारख्या परीक्षा, बँकेच्या परीक्षा, यूपीएससी किंवा नुसतं ऑफिसातलं इंग्रजी सुधारायचं म्हणून वोकॅबच्या, म्हणजे शब्दसंपत्तीच्या मागे लागलेली मंडळी माझ्याकडे येतात आणि जवळपास सगळ्यांची तक्रार एकच असते, की सर यादी पाठ करतो, चार दिवस राहते, मग साफ. निदानही स्वतःच करून आलेले असतात, "माझी मेमरीच वीक आहे". तसं नसतं हो. ज्याला दहा वर्षांपूर्वीच्या मॅचमध्ये कोण कितीवर आऊट झाला ते आठवतं त्याची मेमरी ठणठणीत आहे. बिघाड असतो तो शब्द आत कसा घातला आणि तो बाहेर काढायची सवय लावली का, यात. हा बिघाड इतक्या जणांचा दुरुस्त करून झालाय की तपासायचा क्रम आता ठरूनच गेलाय, आधी फुकटातलं आणि पाच मिनिटांचं, मग वेळखाऊ, आणि पैसे लागणारं सगळ्यात शेवटी. क्रम मोडू नका, कारण बऱ्याच जणांचं काम पहिल्या तीन-चार तपासण्यांतच होतं आणि लोक मात्र थेट क्लासची फी भरून मोकळे होतात.

लक्षणं

आपल्याला नेमकं काय होतंय ते आधी ओळखा, सगळ्यांचा आजार एक नसतो.

- यादीत शब्द दिसला की अर्थ धाडकन येतो, पण तोच शब्द पेपरात आला की अनोळखी.
- वाचताना कळतो, पण बोलायची वेळ आली की 'गुड', 'बॅड' आणि 'व्हेरी इम्पॉर्टंट' यापलीकडे काही सुचत नाही.
- सारखे दिसणारे किंवा सारख्या अर्थाचे शब्द एकमेकांत घुसतात. एमिनंट की इमिनंट? इंजीनियस की इंजेन्युअस?
- शब्द तर वापरला, पण समोरचा विचित्र बघतो किंवा पेपर तपासणारा खाली लाल रेघ मारतो, आणि चूक काय ते कळत नाही कारण डिक्शनरीत अर्थ तोच दिलेला असतो.
- अबेट, अबेरंट, अ‍ॅब्सकाँड तोंडपाठ, पण एम-एनपासून पुढच्या अक्षरांचा एक शब्द धड येत नाही.

शेवटचं लक्षण असेल तर पहिली तपासणी वाचली तरी अर्धं काम होईल.

१. हातातली यादी बघा (पाच मिनिटं, फुकट)

यादी कुठून आली, किती जुनी आहे आणि कशा क्रमाने लावलीये? ए टू झेड लावलेली असेल तर ती बाजूला ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी नव्या उत्साहात माणूस पुन्हा ए पासून सुरू करतो, म्हणून ए चे शब्द दहादा होतात आणि बाकीचे कधीच होत नाहीत. शिवाय अशा यादीत एका जागी सगळे सारखे दिसणारे शब्द येतात, त्याचा त्रास चौथ्या मुद्द्यात सांगतो.

दुसरं म्हणजे वय. सिनियरकडून सिनियरकडे आलेल्या झेरॉक्सच्या याद्या मी अजूनही बघतो, त्यात सुट्ट्या शब्दाचा विरुद्धार्थी ओळखा या प्रकारासाठी जमवलेले असे शब्द असतात जे इंग्रजीत जन्म काढलेला माणूससुद्धा वर्षात एकदा वापरणार नाही. जीआरईने ते अँटोनिम (विरुद्धार्थी) आणि अ‍ॅनालॉजीचे (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखायचे) प्रश्न ऑगस्ट २०११ मध्येच काढून टाकले. आता वाक्यातल्या रिकाम्या जागा असतात, म्हणजे शब्द वाक्यात कसा बसतो ते कळायला लागतं. अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेनेही मार्च २०१६ पासून अवघड सुट्ट्या शब्दांचा सोस सोडला. आपल्याकडच्या बँकेच्या परीक्षेतली क्लोझ टेस्टसुद्धा, म्हणजे उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरायचा प्रश्न, तेच मागते. परीक्षा बदलली, झेरॉक्स बदलली नाही.

२. मधला मजला आहे का ते बघा (अर्धा तास, फुकट)

ही तपासणी लोकांना कमीपणाची वाटते म्हणून टाळतात, आणि बहुतेक वेळा घोडं इथेच अडलेलं असतं. मायकल वेस्ट यांची १९५३ ची सुमारे २,००० शब्दांची जनरल सर्व्हिस लिस्ट म्हणजे रोजच्या इंग्रजीचा तळमजला, तो दहावी-बारावीपर्यंत बऱ्यापैकी होतो. त्याच्यावर न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली केलेली अ‍ॅकॅडमिक वर्ड लिस्ट येते, त्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत. शब्दकुटुंब म्हणजे अ‍ॅनलाइझ, अ‍ॅनॅलिसिस, अ‍ॅनलिटिकल हे सगळं मिळून एक. एवढे ५७० च, पण कुठल्याही विषयाच्या अभ्यासाच्या पुस्तकातले सुमारे १० टक्के शब्द यांतलेच निघतात.

यादी नेटवर फुकट मिळते, दहा भागांत आहे. पहिल्या भागातले डिराइव्ह, कॉन्स्टिट्यूट, इंडिकेट आणि शेवटच्या भागातले ऑलबीट, व्हेअरबाय, नॉटविथस्टँडिंग असे दहा शब्द घ्या आणि प्रत्येकाचं एक वाक्य न अडखळता करून बघा. नुसता अर्थ सांगून चालणार नाही, वाक्य. दहात तीन-चार ठिकाणी अडलात तर जीआरईची यादी आजच बंद करा आणि आधी हे ५७० पक्के करा. ऑब्स्ट्रेपरस पाठ आहे पण कॉन्स्टिट्यूट वापरता येत नाही अशी पोरं मी दर वर्षी बघतो, आणि त्यांची मेहनत बघून खरंच जीव तुटतो, कारण मेहनत खरी असते आणि जागा चुकलेली असते.

३. वही झाका (फुकट, पण सवय बदलावी लागते)

वही उघडा. तीन रकाने असतील, डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये उच्चार, उजवीकडे एका शब्दात मराठी अर्थ, आणि महत्त्वाच्या शब्दांवर पिवळा हायलायटर. अभ्यास कसा करता विचारलं की उत्तर ठरलेलं, रोज रात्री वाचतो. नुसतं वाचून शब्द ओळखीचा होतो, आठवत नाही. ओळखणं आणि आठवणं ही वेगळी कामं आहेत आणि वहीत उत्तर डोळ्यासमोर असताना मेंदू दुसरं काम करायच्या भानगडीतच पडत नाही.

अमेरिकेत कार्पिक आणि रोडिगर यांनी २००८ मध्ये छापलेला एक प्रयोग मी प्रत्येक बॅचला सांगतो. कॉलेजच्या मुलांना ४० स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थासकट शिकवले. शब्द एकदा आला की काही जणांना तो पुढे नुसता वाचायला देत राहिले, काहींना पुन्हा पुन्हा विचारत राहिले. आठवड्यानंतर विचारलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले आणि नुसते वाचलेल्यांना ३६ टक्क्यांच्या आसपास. आणि मुलांना आधी विचारलं होतं की किती आठवतील, तर सगळ्याच गटांचा अंदाज निम्म्याच्या आसपास होता, म्हणजे आपली पद्धत चालतेय की नाही हे करणाऱ्याला आतून कळतच नाही. म्हणून "मला वाचूनच लक्षात राहतं" हे कुणी सांगितलं की मी वही झाकायला लावतो.

तर उपाय असा, की पान उभं दुमडा, इंग्रजी बाजू मागे जाऊ द्या आणि मराठी बाजूवरून इंग्रजी शब्द तोंडाने काढा. मोठ्याने. दिशा उलटी ठेवायची कारण बोलताना डोक्यात आधी म्हणायचं असतं ते येतं आणि शब्द नंतर शोधावा लागतो. इंग्रजीकडून मराठीकडे फक्त वाचायचं असेल तर ठीक आहे. नाही आला शब्द तर लगेच बघू नका, थोडं झगडा, मग बघा. दुसऱ्या लक्षणवाल्यांनी दोन-तीन आठवडे एवढंच करून बघा, पुढचं नंतर वाचा.

४. जुळे शब्द वेगळे करा

"हॅपीचे वीस सिनॉनिम" असले तक्ते भिंतीवर लावलेले असतील तर काढा. सारख्या अर्थाचे किंवा सारखे दिसणारे नवे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांना खातात, सारख्या अर्थाच्या शब्दांबाबत टिंकहॅम या संशोधकाने नव्वदच्या दशकात प्रयोग करून हे दाखवलंय आणि वर्गात तर मी रोज बघतो. एमिनंट आणि इमिनंट एकाच दिवशी शिकलात की जन्मभर परीक्षेच्या हॉलमध्ये शंका येणार. आधी एमिनंट घ्या, मोठा, नामवंत, 'अ‍ॅन एमिनंट सायंटिस्ट', तो इतका पक्का होऊ द्या की झोपेतून उठवून विचारलं तरी येईल, आणि महिन्याभराने इमिनंट घ्या, अगदी येऊन ठेपलेलं, 'इमिनंट डेंजर'. तक्ता वाईट नाही, पण तो शिकून झालेल्या शब्दांची उजळणी करायला, नवे शिकायला नाही.

५. मधलं अंतर तपासा (कार्डं आणि खोका, किंवा फुकट अ‍ॅप)

हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने जातं आणि मग गळती मंदावते. म्हणून एकाच रात्री दहा वेळा घोकण्यापेक्षा आज, उद्या, चार दिवसांनी, दहा दिवसांनी असं विचारलेलं टिकतं. वहीत हे जमत नाही कारण वहीला कळत नाही कुठला शब्द कधी विचारायचा.

दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सेबास्टियन लाइटनर यांच्या पद्धतीचा खोका, बुटांचा खोका घ्या, त्यात पाच कप्पे करा, शब्द जाड कागदाच्या कार्डावर लिहा. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, पुढचे आणखी लांब लांब. दुसरा मार्ग अँकी नावाचं अ‍ॅप, कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात.

अँकीत नेहमी होणारा बिघाड आधीच सांगून ठेवतो. लोक पाच हजार शब्दांची तयार डेक, म्हणजे कार्डांची गड्डी, उतरवतात आणि रोज २० नवी कार्डं हे आधीपासून असलेलं सेटिंग तसंच ठेवतात. प्रत्येक नवं कार्ड पुढे कितीतरी वेळा परत येतं, त्यामुळे तीन आठवड्यांत रोजची रिव्हिजन शंभर-दीडशेच्या घरात जाते, मग एक दिवस लग्नाला गेलात, दोन दिवस आजारी पडलात, की ढीग साचतो आणि अ‍ॅप उघडायची भीती वाटायला लागते. नवी कार्डं रोज पाच ते आठवर आणा आणि ती स्वतः बनवा, स्वतः वाचलेल्या वाक्यातून. ढीग आधीच साचला असेल तर नवी कार्डं शून्य करा आणि जुना उपसा.

६. शब्दाचे शेजारी तपासा (इथे वेळ द्या)

चौथं लक्षण असलेल्यांचा सगळा बिघाड इथे असतो आणि बाकीच्यांचाही थोडा असतोच.

वहीतलं एक उदाहरण घेऊ. मिटिगेट, अर्थ 'कमी करणे'. एवढ्यावरून मुलगा लिहितो 'आय मिटिगेटेड माय वेट' आणि 'प्लीज मिटिगेट द व्हॉल्यूम'. व्याकरण बरोबर, वहीतला अर्थ बरोबर, वाक्यं दोन्ही बाद. मिटिगेटच्या पुढे येतात रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज, इफेक्ट्स, म्हणजे काहीतरी वाईट असतं आणि त्याची तीव्रता कमी करायची असते. वजन आणि आवाज त्या घरातले नाहीत. तसंच नोटोरिअस, वहीत अर्थ 'प्रसिद्ध', आणि पोरं प्रेमाने लिहितात 'अवर प्रिन्सिपल इज नोटोरिअस फॉर हिज टीचिंग'. नोटोरिअस म्हणजे वाईट गोष्टीसाठी गाजलेला, कुप्रसिद्ध.

म्हणून इंग्रजी-मराठी डिक्शनरी पहिल्या ओळखीपुरती वापरा आणि लगेच लर्नर्स डिक्शनरीकडे, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरीकडे जा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, तिन्ही नेटवर फुकट बघता येतात. लाँगमनमध्ये अर्थ सुमारे २,००० सोप्या शब्दांतच समजावलेले असतात, त्यामुळे अर्थाचा अर्थ शोधत बसावं लागत नाही. कॉलिन्स कोबिल्ड १९८७ मध्ये आली ती अख्ख्या वाक्यात अर्थ देणारी, वर्गात मला ती सगळ्यात कामाची वाटते कारण अर्थ वाचतानाच शब्द वाक्यात बसलेला दिसतो. अर्थाबरोबर तीन गोष्टी बघायच्या: पुढे-मागे कुठले शब्द येतात, कुठलं प्रीपोझिशन लागतं, आणि फॉर्मल, लिटररी, डिसअप्रूव्हिंग असं लेबल आहे का. कार्डावर सुटा शब्द लिहूच नका, 'मिटिगेट द इफेक्ट्स ऑफ ड्रॉट' असा तुकडा लिहा.

रूट वर्डचं, म्हणजे शब्दाच्या मुळाचं, सगळे विचारतात म्हणून इथेच सांगतो. बेने म्हणजे चांगलं, मॅल म्हणजे वाईट, डिक्ट म्हणजे बोलणं, हे उपयोगी आहे आणि आपल्याला ते जड जायचं कारण नाही, आहार, विहार, प्रहार, संहार असे उपसर्ग लागलेले शब्द आपण शाळेत केलेलेच आहेत. पण त्याच उदाहरणात दिसतं की धातू एक असून अर्थ कुठच्या कुठे जातो. इंग्रजीतही तसंच, इन म्हणजे नाही असं धरून इनफ्लेमेबलचा अर्थ 'न पेटणारं' काढाल तर तो नेमका उलटा आहे, ते चटकन पेटणारं असतं. रूट आठवणीला टेकू म्हणून घ्या, अर्थ ठरवायला नको.

७. वाचन तपासा (महिने लागतात)

पहिलं लक्षण जात नसेल तर वाचन कमी पडतंय किंवा चुकीच्या पातळीचं चाललंय. कादंबरी-वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायला साधारण ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, आणि त्यासाठी पॉल नेशन यांच्या २००६ च्या हिशोबाने ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं लागतात. ९८ टक्के म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. हे घरी मोजता येतं. तीनशे शब्दांचा मजकूर घ्या आणि न कळणाऱ्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा. सहापर्यंत रेघा असतील तर मजकूर तुमच्यासाठी योग्य आहे, पंधराच्या पुढे गेल्या तर तुम्ही वाचत नाही आहात, डिक्शनरी चाळताय.

'द हिंदू'चा अग्रलेख रोज वाचायचाच असा आपल्याकडे नियम झालाय. अग्रलेख उत्तमच असतो, पण विषय माहीत नसताना आणि रेघा पंचवीस येत असताना त्यातून शब्द शिकले जात नाहीत, फक्त वही भरते. आधी ज्या विषयातलं तुम्हाला सगळं माहितीये ते इंग्रजीत वाचा. काल रात्री पूर्ण बघितलेल्या मॅचचा इंग्रजी रिपोर्ट सकाळी वाचला की 'स्क्वॉन्डर्ड अ गुड स्टार्ट' म्हणजे चांगली सुरुवात मातीत घातली हे डिक्शनरीशिवाय कळतं, कारण त्या विकेटी तुम्ही डोळ्यांनी बघितल्यात. शेतीवाल्याने शेतीचं वाचावं, कोडिंगवाल्याने कोडिंगचं. रेघा कमी व्हायला लागल्या की अग्रलेखाकडे या.

८. लिहून दुसऱ्याला दाखवा

आठवड्यातून दोनदा दीडशे शब्द लिहा आणि त्यात नव्यातले तीनच शब्द वापरा. तीन कशासाठी, तर दहा कोंबले की परिच्छेद शब्दांसाठी लिहिला जातो, सांगायचं राहून जातं. आयईएलटीएसच्या रायटिंग आणि स्पीकिंगमध्ये शब्दसंपत्तीला पाव वेटेज असतं, पण तिथे शब्द नेमका आणि जागच्या जागी आहे का ते बघतात, भारदस्त दिसतोय का ते नाही. 'प्लेथोरा' आणि 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड' पाठ करून प्रत्येक निबंधात टाकणाऱ्यांचा बँड, म्हणजे आयईएलटीएसचा गुण, अडकतो तो इथे. एखाद्या जोडीची शंका असेल तर ती अवतरण चिन्हात टाकून सर्च करा, मोठ्या वर्तमानपत्रांत सापडली तर चालेल, तुमच्यासारख्याच विद्यार्थ्यांच्या उत्तरांत सापडली तर सोडून द्या.

इथे थांबा आणि माणूस गाठा

परीक्षा महिन्याच्या आत असेल तर यातलं नवीन काहीच सुरू करू नका, नवे शब्द बंद, जुने पेपर सोडवा आणि झालेल्याची उजळणी करा.

लहानपणापासून मराठी वाचतानाही अक्षरं चुकत असतील, ओळ सुटत असेल, स्पेलिंग कितीही लिहून काढलं तरी बसत नसेल, तर हा वोकॅबचा प्रश्न नाही, डिस्लेक्सिया असू शकतो आणि तो हुशारीचा प्रश्न अजिबात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी धरलेली आहे, परीक्षेत सवलती मिळतात, मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्याची तपासणी होते. मोठ्या वयातही तपासून घ्यायला हरकत नाही. वाचताना डोकं दुखत असेल तर आधी डोळे तपासा. मराठीतही बोलताना शब्द घशात अडकत असेल तर स्पीच थेरपिस्ट. आणि झोप उडालीये, कशातच लक्ष लागत नाही, इंग्रजीच काय सगळंच विसरायला होतंय असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर कार्डं बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

राहिला शिक्षक. वरचं सगळं चार-पाच महिने नेटाने करूनही लिखाणाचे मार्क हलत नसतील तर पैसे खर्च करा, पण कुणावर ते बघून. जो पहिल्याच दिवशी तीन हजार शब्दांची पीडीएफ देतो त्याच्याकडून उठा, यादी तुमच्याकडे आहेच. तुमचं लिखाण ओळ न् ओळ वाचून परत देणारा, इथे हा शब्द का बसत नाही आणि कुठला बसेल ते समासात लिहून देणारा माणूस शोधा, मग तो एकटा घरी शिकवणारा असला तरी चालेल. पहिल्या भेटीला जाताना वोकॅबची वही नेऊ नका. अलीकडे स्वतः लिहिलेली दोन पानं न्या, चुकांसकट, फेअर न करता.